जवारी (गावरान) मिरचीची रोपं: कोलमडणं थांबलं!

अखेर मर (कोवळी रोपं मातीलगत कुजून कोलमडण्याचा रोग) आटोक्यात आली, मंडळी! मागच्या वेळी फोटो टाकले होते त्यातली दोन इंची कपांतली बरीचशी रोपं पहिल्या वळवानंतर आडवी झाली होती. संध्याकाळी ताठ असलेलं रोप सकाळी झोपलेलं. बीजपत्रं हिरवीगार, पण मातीलगतची मान पाणी धरून पारदर्शक झालेली, सुतासारखी बारीक.

बी गडहिंग्लजकडचं, खात्रीचं. त्याच बियाण्याची, त्याच मिश्रणातली चार इंची कुंडीतली रोपं ठणठणीत होती. मग दोन इंची कपातच मर का? निचरा झाल्यावरही कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) तळाशी एक थर चिंब राहतो. त्याची उंची मिश्रणावर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. मोठ्या कुंडीत तो कोवळ्या मुळांच्या बराच खाली असतो, छोट्या कपाचा मात्र मोठा भाग तोच व्यापतो. वरून आठवडाभर ढगाळ हवा. मर आणणाऱ्या पिथियम या बुरशीसारख्या जीवाचे बीजाणू पाण्यातच पोहतात, त्यांना रान मोकळं. म्हणूनच तळाला खडी घालायचा सल्ला मला अजिबात पटत नाही. चिंब थर खडीच्या वर चढून बसतो, मुळांच्या आणखी जवळ.

स्वस्त कोकोपीटच्या विटांत भुकटीच फार निघते, आणि ती पाणी जास्त धरून ठेवते. आता मी ते चाळून फक्त जाडसर भाग घेतो आणि त्यात भाताचं जाळलेलं तूस मिसळतो. तूस भातगिरणीतून मिळतं, आणि या कामाला पर्लाइटपेक्षा (मिश्रण मोकळं ठेवणाऱ्या हलक्या पांढऱ्या खड्यांपेक्षा) मला तेच आवडतं. वर जाड वाळूचा पातळ थर, म्हणजे मान कोरडी राहते. पाणी घड्याळ बघून नाही. कप उचलून हलका लागला तरच, तेही सकाळी. ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी दिलीय, त्यामुळे कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक बंद. दोन्ही एकत्र देण्यात अर्थ नाही.

नव्या पेरणीत मर जवळजवळ नाहीच. काल खऱ्या पानांची दुसरी जोडी उघडली: गर्द हिरवी, शिरा ठसठशीत. किती वेळ नुसता बघत बसलो!

या रविवारी चार इंची कुंड्यांत हलवणार होतो, पण लिहिता लिहिता वेगळंच सुचलं. कपाच्या भोकातून जुन्या टी-शर्टची पट्टी वातीसारखी खाली सोडली आणि कप ट्रेऐवजी जाळीवर ठेवले, तर तळाचं पाणी वातीनं ओढून निघेल. निम्म्या कपांना वात, निम्म्यांना नाही, असं करून बघतो. कुंड्या मृगापर्यंत थांबतील. वातीला सुती कापड चालेल की नायलॉनची दोरी बरी? कुणी वापरलं असेल तर आजच सांगा, उद्या सकाळी कापायला बसतोय.