पाणी उतरलं की लांब होणारा रस्ता

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत बाकीचे सगळे इमारतीवर, सरांवर, गॅदरिंगवर लिहिणार हे मला माहितीय, आणि माझं अभ्यासातलं कर्तृत्व लिहायला घेतलं तर दोन ओळींत संपेल, म्हणून मी आपल्या पळायच्या रस्त्यांवर लिहितो. हल्ली शनिवार-रविवारी नाशिकहून, ठाण्याहून लोक गाड्या काढून आपल्याकडे पळायला येतात, मनगटावर जीपीएसचं घड्याळ, कमरेला छोट्या बाटल्यांचा पट्टा, आणि संध्याकाळी फोटो टाकतात, खाली लिहिलेलं असतं सीनिक रूट. आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं की हे सीनिक आहे म्हणून! आपल्याला फक्त पहिली घंटा गाठायची असायची, नाहीतर प्रार्थना होईपर्यंत गेटबाहेर.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. आपलं गाव अप्पर वैतरणा धरणाच्या फुगवट्याच्या काठावर. त्र्यंबकच्या ज्या डोंगरातून गोदावरी निघते तिथूनच वैतरणा पण निघते, फक्त गोदावरी पूर्वेला जाऊन पार बंगालच्या उपसागराला मिळते आणि आपली बाई पश्चिमेला वळते. १९७३ साली तिच्यावर हे धरण झालं. पाणी आधी वीजघरात जातं, मग खाली मोडकसागर धरणात आणि तिथून मुंबईच्या नळाला. धरण काठोकाठ भरलं की पातळी ६०३.५१ मीटर, हा आकडा आपल्या वर्गातल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा. सामान्य ज्ञानाच्या पेपरला दरवर्षी यायचा.

आता मुद्दा. भरलेल्या धरणाच्या काठाने पळायचं म्हटलं तर रस्ता आखूड असतो, कारण पाणी पार खाचरांच्या बांधाला टेकलेलं असतं. दिवाळीनंतर मुंबई जसजसं पाणी पिते तसतसा काठ खाली सरकतो आणि आपला रस्ता लांब होत जातो. जानेवारीत शाळेच्या मागच्या उतारावरून खाली जाऊन जांभळीपाशी वळायचं, मार्चमध्ये तिथून पुढे पहिला टेकाड ओलांडता येतो, आणि एप्रिल संपता संपता धरणाच्या आधीचा जुना गाडीरस्ताच उघडा पडतो, दोन्ही बाजूंनी दगड लावलेला, तो सरळ खाली पाण्यात जातो. आमची आजी त्या रस्त्याने माहेरी जायची. तेव्हा गुगलवर बघून कुणी म्हणालं की इथला रूट इतके किलोमीटर, तर महिना कोणता ते आधी विचारा.

पण उघड्या पडलेल्या गाळावर पळणं हे डांबरावर पळण्यासारखं नाही, आणि शहरातल्या लोकांना नेमकं हेच कळत नाही. वरून वाळलेला, भेगा पडलेला दिसतो, आत लोण्यासारखा मऊ. आम्ही म्हशींचे खुर बघायचो. खुराचा ठसा उमटून कडक झालेला असेल, काठ धारदार असतील, बोटाने दाबून तुटत नसतील, तर बिनधास्त पळायचं. ठशात ओल चमकत असेल किंवा कडा ढासळलेल्या असतील तर तिथून वर चढून वळसा घ्यायचा, मग कितीही वेळ जाऊ दे. ज्यांनी गाळपेरा केलाय, म्हणजे उघड्या गाळात पीक घेतलंय, त्यांच्या वाफ्यातून जायचं नाही, कडेने जायचं, हा नियम पीटीच्या सरांचा, आणि तो मोडला तर सर काही बोलायच्या आधी ज्याचं शेत तोच बोलायचा.

डांबरी रस्ता म्हणजे घोटी ते त्र्यंबक. चढ-उतार भरपूर, त्यामुळे दम आणि मांड्या दोन्ही तयार होतात, पण पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशी तिथे पळू नका असं माझं स्पष्ट मत आहे. पर्यटकांच्या गाड्या, धुकं, वळणावर मध्येच थांबून भजी खाणारे, आणि कडेच्या दगडांवर शेवाळ. फार तर सकाळी सातच्या आत उरकून घ्या. त्याच रस्त्याने सप्टेंबरच्या शेवटी मात्र जरूर जा, सोनकी आणि तेरडा फुललेला असतो, भात पोटऱ्यात आलेलं असतं, पाऊस उघडला की उत्तरेला हरिहर, उतवड, भास्करगड अशी सगळी रांग धुऊन पुसून ठेवल्यासारखी दिसते. हरिहर ओळखायचा कसा ते प्रत्येक पाहुण्याला आपण सांगितलेलं आहे, त्यामुळे इथे परत सांगत नाही. आळवंडीच्या धरणाकडचा रस्ता मोकळा आणि बराच सपाट, नवशिक्यांना तो बरा. धरणाच्या भिंतीवर जायची परवानगी नसते, वॉचमन हाकलतो, त्याच्याशी हुज्जत घालू नका, तो आपल्याच वाडीतला आहे.

आणि जून! पहिल्या पावसात रस्त्यावर मुठे येतात, खेकडे हो. ते तुडवायचे नाहीत म्हणून आमचं पळणं म्हणजे अर्धं नाच असायचं. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत तर अर्धा वर्ग शाळेत यायचाच नाही, सगळे चिखलात वाकलेले, त्यामुळे सराव बंद. पण ऑगस्टमध्ये परत सुरू झालं की आवणीवाल्या पोरी आम्हाला सरळ मागे टाकायच्या, दिवसभर गुडघाभर चिखलातून पाय उपसून उपसून त्यांच्या पायात काय ताकद आलेली असायची ते तुम्हाला जिम लावून येणार नाही.

आपल्या पीटीच्या सरांकडे स्टॉपवॉच नव्हतं. जिल्हा स्पर्धेच्या आधी निवड असली की शिपाईमामा ऑफिसातलं भिंतीवरचं मोठं घड्याळ खिळ्यावरून काढायचे, धोतराच्या सोग्याने काच पुसायचे आणि ते दोन्ही हातांनी छातीशी धरून पटांगणात उभे राहायचे. सेकंद काटा बारावर आला की सर शिट्टी मारणार. मामांचे हात दुखायला लागले की घड्याळ हळूहळू तिरकं व्हायचं आणि मग सर मान वाकडी करून वेळ वाचायचे, मागे आम्ही दहा-बारा पोरं धापा टाकत उभी. त्या तिरक्या घड्याळावर निवडलेली पोरं तालुक्याला नंबर काढून यायची, याचं श्रेय कुणाला द्यायचं ते तुम्हीच ठरवा.

२०१० साली मी आठवीत होतो. ऑक्टोबरमध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कविता राऊतने दहा हजार मीटरमध्ये ब्राँझ मिळवलं आणि दुसऱ्या दिवशी सर पेपर घेऊन थेट वर्गात आले, गणिताचा तास चालू होता तरी. सावरपाडा! म्हणजे आपल्याच त्र्यंबक-हरसूलकडचं गाव, कुठलं तरी लांबचं नाही. पुढच्याच महिन्यात ग्वांगझूच्या एशियाडला त्याच अंतरात तिला सिल्व्हर, आणि मग २०१६ ला ती रिओ ऑलिंपिकची मॅरेथॉन पळाली. पेपरवाले तिला सावरपाडा एक्सप्रेस म्हणायचे. आमच्यावर परिणाम काय झाला तर पोरींना घरून परवानगी मिळायला लागली. आधी सर घरोघर जाऊन समजावायचे तरी आया म्हणायच्या की पोरगी रानोमाळ पळून काय करणार, त्यानंतर त्याच आया विचारायच्या की सकाळी किती वाजता पाठवू. माझ्या मते आपल्या शाळेच्या क्रीडा विभागाचा सगळ्यात मोठा दिवस तोच, ट्रॉफी मिळाली तो नाही.

मी आता नाशिकला अंबड एमआयडीसीत कामाला आहे, सेकंड शिफ्ट असली की सकाळी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर पळतो. गोल गोल. ट्रॅक चांगला आहे, लोक चांगले आहेत, पण सगळे पेस विचारतात. किलोमीटरला किती मिनिटं. आता डांबरावर ते ठीक आहे हो, पण आपल्या काठावर एका किलोमीटरमध्ये एक ओढा, एक कुंपण आणि कुणाची तरी मारकी गाय लागते, तिथे पेसचं काय घेऊन बसलात. एकदा ग्रुपमधल्या तिघांना घेऊन आलो होतो मार्चमध्ये, त्यांच्या महागड्या शूजना गाळ असा चिकटला की प्रत्येक पाय किलोभर जड झाला, शेवटी शूज हातात घेऊन आले. वर येऊन नागलीची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी खाल्ली तेव्हा कुठे खूश झाले. एक विनंती मात्र त्यांना पण केली होती आणि इथे पण करतो, एनर्जी जेलची पाकिटं आणि बाटल्या काठावर टाकू नका, ढोरं खातात.

आता कामाचं. सुवर्णमहोत्सवाची दौड डांबरी रस्त्यावर, कमानीपासून कमानीपर्यंत ठेवायचं चाललंय असं कानावर आलं. माझा विरोध आहे. डांबरावरची दौड कुठेही होते. ती काठाने ठेवा, फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी, तोपर्यंत पाणी पुरेसं उतरलेलं असतं, ऊनही फार नसतं आणि दहावीच्या पोरांना नाही जमलं तरी बाकीच्यांना अडचण नाही. मोठ्यांनी पहिल्या टेकाडापर्यंत जाऊन यावं, पाचवी ते सातवीच्या पोरांना जांभळीपर्यंत पुरे, आणि माजी विद्यार्थ्यांनी पोट बघून ठरवावं. गाळपेरेवाल्यांना आधी विचारावं लागेल, ते मी आणि आमच्या बॅचचे दोघं करतो. आदल्या आठवड्यात येऊन खुर बघून चुन्याने खुणा पण करून देतो, फक्त चुना शाळेने द्यावा, मागच्या वेळचं एक पोतं स्टोअर रूममध्ये जिन्याखाली पडलेलं आहे, उंदरांनी फोडलं नसेल तर पुरेल.