दोन लहान मुलं आणि सात रात्रींची आलिशान क्रूझ: जहाज निवडताना काय बघावं

अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून जहाज निघालं त्या पहिल्याच संध्याकाळी, साडेसातच्या सुमाराला, आम्ही दोघं नवरा-बायको बाल्कनीत कुजबुजत बसलो होतो. आत दीड वर्षाची धाकटी पाळण्यात आणि चार वर्षांचा मोठा सोफ्याच्या पलंगावर झोपला होता. दिवा लावला की धाकटी उठते, त्यामुळे केबिनमध्ये मिट्ट काळोख. पाळणा लावायला जागा एकच होती, बाथरूमच्या दारासमोर. आत जायचं तर तो उचलून सरकवावा लागे. केबिन देखणी होती, बिछाने मऊ होते, पण खोली एकच होती. पुढच्या सहा रात्री अशाच गेल्या.

लहान मुलांबरोबर जाताना आलिशान म्हणजे बंद करता येणारं एक दार. हे आधी कळलं असतं तर आम्ही वेगळं जहाज निवडलं असतं, म्हणूनच हे सविस्तर लिहिते आहे.

आमचं जहाज लहान होतं, सहा-सातशे प्रवाशांचं. माहितीपत्रकात कुटुंबांचं स्वागत आहे असं लिहिलं होतं आणि तेवढ्यावर आम्ही विसंबलो. मुलांना जहाजावर येऊ देणं वेगळं आणि त्यांच्यासाठी तिथे काही असणं वेगळं. दुसऱ्या दिवशी मोठ्याला घेऊन किड्स क्लबच्या दाराशी गेलो. काचेतून रंगीत खुर्च्या आणि ठोकळ्यांचा ढीग दिसत होता. दारावरच्या पाटीवर वय होतं सहा वर्षांपासून पुढे. तो काचेला नाक लावून किती तरी वेळ उभा होता.

तेव्हा पहिला प्रश्न वयाचा. वायकिंग आणि व्हर्जिन व्हॉयेजेस या क्रूझ कंपन्या अठरा वर्षांखालच्यांना घेतच नाहीत, त्यामुळे ती नावं यादीतून लगेच काढा. बहुतेक मोठ्या कंपन्या बाळ सहा महिन्यांचं झालं की घेतात. पण अटलांटिक ओलांडणाऱ्या किंवा सलग अनेक दिवस समुद्रातच असणाऱ्या सफरींसाठी वय बारा महिने लागतं. किड्स क्लब साधारणपणे तीन वर्षांपासून सुरू होतात आणि डायपर सुटलेला असावा अशी अट असते. तिथले लोक डायपर बदलत नाहीत. लहान आलिशान जहाजांवर हे वय आणखी वर जातं, काही ठिकाणी क्लब फक्त शाळेच्या सुट्ट्यांतल्या सफरींवरच चालतो. तीन वर्षांखालचं मूल असेल तर नर्सरी असलेलं जहाजच शोधा. डिस्नेच्या जहाजांवर सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतची नर्सरी असते, तासाचे पैसे लागतात. क्युनार्डच्या क्वीन मेरी 2 वरही तान्ह्या मुलांसाठी सोय आहे. नर्सरीत जागा मोजक्याच असतात, तेव्हा ऑनलाइन नोंदणी उघडताच वेळा धरून ठेवा.

आता पोहण्याच्या तलावाविषयी, कारण आमचा सगळ्यात मोठा हिरमोड तिथे झाला. धाकटीसाठी पोहण्याचे खास डायपर घेतले होते, छोटी टोपी होती, हातात घालायचे फुगे होते. तिला पाण्यात सोडणार तोच कर्मचारी अदबीने सांगायला आला की डायपरमधल्या मुलांना तलावात परवानगी नाही, पोहण्याचा डायपर असला तरीही. तो चुकीचं काही सांगत नव्हता. अमेरिकेच्या बंदरांत जाणाऱ्या जहाजांना तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचे स्वच्छतेचे नियम पाळावे लागतात आणि त्यांत हेच आहे. इतरत्रही बहुतेक जहाजांवर असाच नियम असतो. डायपरवाल्या मुलांसाठी वेगळ्या पाण्याची, वेगळ्या गाळणीची जागा बांधलेली असेल तरच ती पाण्यात खेळू शकतात. रॉयल कॅरिबियनच्या काही जहाजांवर आणि डिस्नेकडे अशी जागा आहे. बुकिंग करताना ‘तलाव आहे का’ असं विचारू नका. ‘डायपरमधल्या बाळाला नेमक्या कुठल्या पाण्यात उतरता येईल’ असं विचारा.

आलिशानपणा आणि मुलांच्या सोयी दोन्ही हव्या असतील तर माझ्या मते सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे मोठ्या जहाजातला राखीव भाग. एमएससीचा यॉट क्लब किंवा नॉर्वेजियनचा हेवन घ्या. तिथे स्वतंत्र डेक, स्वतंत्र रेस्टॉरंट, शांतता मिळते, आणि बाहेर पडलं की संपूर्ण मोठं जहाज मुलांसाठी मोकळं असतं.

केबिन निवडताना आतून दार असलेल्या दोन शेजारच्या केबिन मिळतात का ते बघा. पुष्कळदा एका मोठ्या स्वीटपेक्षा त्या स्वस्तही पडतात. तान्हं बाळही प्रवासी म्हणून मोजलं जातं, कारण लाइफबोटीतली जागा माणशी धरलेली असते. त्यामुळे पलंग रिकामा असूनही चौथा माणूस घेता येत नाही असं उत्तर येऊ शकतं. जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या डेकवर हेलकावे कमी लागतात. आम्ही दृश्याच्या मोहाने पुढची, वरची केबिन घेतली आणि एका वाऱ्याच्या रात्री मोठा दोनदा ओकला. धाकटी मात्र शांत झोपली होती. दोन वर्षांखालच्या मुलांना बोट लागण्याचा त्रास सहसा होत नाही. औषध कुठलं आणि किती, हे निघण्यापूर्वीच मुलांच्या डॉक्टरांना विचारून ठेवा.

ग्रीसच्या बंदरांपैकी सँटोरिनी बेटावर जहाज धक्क्याला लागत नाही. छोट्या बोटीतून जुन्या बंदरावर उतरायचं, मग केबल कारची रांग, नाहीतर सुमारे 580 पायऱ्या. बाबागाडी तिथे ओझं होते, बाळ छातीशी बांधायचा पट्टा न्या. ऱ्होड्सला उलट, जहाजातून उतरलं की जुन्या शहराची तटबंदी समोरच. पण मुलांच्या मनात राहिलं ते कटाकोलोन बंदरापासून साधारण अर्ध्या तासावरचं ऑलिंपिया, प्राचीन ऑलिंपिक खेळांची जागा. तिथल्या प्राचीन धावपट्टीची दगडी सुरुवातरेषा अजून जागेवर आहे. मोठ्याने त्या दगडाच्या खाचेत पावलं टेकवली, बाबाकडे बघून ‘आता?’ विचारलं आणि 192 मीटरची पट्टी जवळजवळ पूर्ण धावला. धाकटी मागून मातीत बसून टाळ्या वाजवत होती. झाडांची सावली आहे, मोकळं आहे, गाडीचा प्रवास थोडा आहे. लहान मुलांना असंच बंदर हवं. इटलीतल्या चिवितावेक्किया बंदराहून रोम जवळपास 80 किलोमीटर आहे. एका दिवसात जाऊन येण्यात मुलांची दुपारची झोप हमखास मोडते, तेव्हा सफर तिथून सुरू किंवा तिथे संपत नसेल तर मी तो बेत करणार नाही.

डायपर आणि बाळाचं पावडरचं दूध पूर्ण सफरीपुरतं, वर दोन दिवसांचं जास्त, घरूनच न्या. जहाजावरच्या दुकानावर अवलंबून राहू नका. केबिनमध्ये शिरताच मुलांच्या मापाची लाइफ जॅकेटं आहेत का ते बघा, नसतील तर लगेच मागा. बाल्कनीच्या दाराची वरची कडी लावायची सवय पहिल्या मिनिटापासून ठेवा. आणि जेवणाआधी हात साबणाने धुवा, उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर पुरेसा पडत नाही.

पुढची सफर आम्ही धाकटीला तीन वर्षं पूर्ण झाल्यावरची धरली आहे, मध्यभागाच्या दोन जोडकेबिनमध्ये. क्लबचं वय, तलावाचा नियम आणि मधलं दार, या तिन्ही गोष्टींची उत्तरं मी कंपनीकडून ईमेलवर लेखी घेतली, मगच पैसे भरले.