थप्पड आणि टाळ्या

नाटकातले मारामारीचे प्रसंग बसवणं हे माझं काम. या नाटकात मात्र मारामारी म्हणावी असं काही नव्हतंच. एक प्राध्यापक, त्याची विद्यार्थिनी, तिने त्याच्याविरुद्ध केलेली तक्रार, आणि शेवटाकडे त्याचा तोल सुटून तिला बसणारी एक थप्पड.

ती थप्पड प्रत्येक प्रयोगाआधी करून बघायची, आधी संथ, मग प्रयोगाच्या वेगात. हात गालाला लागतच नाही. मधलं अंतर दिसू नये म्हणून दोघांपैकी एकाची पाठ प्रेक्षकांकडे ठेवतात. ज्याची पाठ, त्याने छातीपुढे लपवून टाळी मारायची, तोच थपडेचा आवाज. आणि मार खाणाऱ्याने नजरेने खूण दिल्याशिवाय हात उचलायचा नाही, हा नियम. आमच्याकडे पाठ तिची होती, कारण प्राध्यापकाचा कोसळलेला चेहरा दिग्दर्शकाला लोकांना दाखवायचा होता.

एका प्रयोगाला थप्पड पडली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मागून शिट्टीही आली. तिचा चेहरा प्रेक्षकांना दिसत नव्हता. मला विंगेतून दिसत होता. पुढचं वाक्य तिचंच होतं. तिने ते घेतलं, पण आवाज चिरकला.

अमेरिकन नाटककार डेव्हिड मॅमेटचं ‘ओलिआना’ हे नाटक १९९२ साली अमेरिकेत आलं, तेव्हाही प्राध्यापक विद्यार्थिनीला मारतो त्या प्रसंगाला प्रेक्षकांतून दाद मिळाली होती, हे मी वाचलेलं. पण मेकअप उतरवताना ती म्हणाली, “दादा, हात लागला नाही, पण टाळ्या लागल्या,” तेव्हा मला काही सुचेना.

नाटक पोचलं, असं काहींचं मत पडलं. मला ते पटलं नाही. कोण बरोबर हे प्रेक्षकांनी खुशाल ठरवावं, पण दोघांनाही बघून ठरवावं. इथे एकाचा चेहरा दिसत होता आणि दुसरीचे फक्त केस.

दिग्दर्शकाशी बोलून दुसऱ्या दिवशी तालीम लावली आणि जागा उलट्या केल्या. आता पाठ त्याची. टाळीचं कामही त्याच्याकडे आलं: डावा हात छातीशी, उजवा जाता जाता त्यावर आपटायचा. तिची मान आवाजाच्या आधीच वळत होती, ते जमेपर्यंत दोघं घामाघूम झाले.

पुढच्या प्रयोगाला एकदोन टाळ्या सुरू झाल्या आणि तिथेच थांबल्या. नाटक सुटल्यावर मात्र बाहेर लोक तावातावाने भांडत होते. काही त्याच्या बाजूने, काही तिच्या.

प्राध्यापक करणारा नट अजून नाराज आहे. “नाटकभर जे उभं करतो ते त्या क्षणी चेहऱ्यावर येतं, आणि तोच तुम्ही झाकलात.” त्याचं म्हणणं खोटं नाही. थपडेनंतर हात लगेच खाली घेऊ नकोस, खांदे बोलू देत, एवढं त्याला सुचवलं. ते तो फार सुंदर करतो. पण जागा मी परत बदलल्या नाहीत.