पत्र्याच्या खोलीचा उन्हाळा

दाटीवाटीच्या वस्तीत उन्हाळ्याची तयारी छपरापासून करावी. पत्र्याच्या खोलीत दुपारची धग वरून उतरते. पंखा हवा हलवतो, पत्रा थंड करत नाही. तापलेला पत्रा खालच्या माणसाला भाजत राहतो.

पत्रा पांढरा केला, तर खोली भर दुपारी साधारण २ ते ५ अंशांनी उतरते. पण रंग कोणता, इथेच गाडं अडतं. स्वस्त म्हणून चुना फासतात. सिमेंटच्या स्लॅबला तो चालतो, जस्ती पत्र्याला नको. ओला चुना जस्ताचा थर खातो, आणि चिकटावा म्हणून त्यात मीठ घातलं असेल तर गंज लवकर धरतो. ऑइलपेंटही नको; जस्ताशी त्याची प्रक्रिया होऊन मध्ये साबणासारखा थर बनतो आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. बाहेरच्या कामाचा, पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक पांढरा घ्या. त्यात नीळ घालू नका. डोळ्याला खुलते, पण ऊन परतवणं कमी होतं.

गंज तारेच्या ब्रशने काढा, पत्रा धुऊन वाळवा, गंजलेल्या जागी प्राइमर मारा. बोल्टखालचे कुजलेले वॉशर बदला. गळती बहुधा तिथूनच होते, आणि रंगाखाली पाणी शिरलं की थर फुगतो. मग दोन हात. दव वाळल्यावर सुरू करा आणि पत्र्यावर तळहात टेकवता येतोय तोवरच उरका, कारण तापल्या पत्र्यावर रंग पकड घेण्याआधीच सुकतो. पन्हळीमुळे रंग सपाट मापापेक्षा १५ टक्के तरी जास्त लागतो.

जुने सिमेंटचे पत्रे मात्र खरवडू नका. त्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असतं, आणि त्याचे तंतू फुफ्फुसात जाऊन बसतात. त्यांच्यावर पायही देऊ नका, अचानक फुटतात. वाशांवर आडवी फळी टाकूनच चढा.

रंग सगळ्या गल्लीला एकदम पुरणार नसेल, तर दुपारी घरात कोण असतं ते दारोदार विचारा. तान्हं बाळ, अंथरुणावरचं म्हातारं माणूस, घरीच शिलाईकाम करणारी बाई: त्यांचं छप्पर आधी. तिथे भिंत आणि पत्रा यांमधली फट गोणपाटाने बुजवलेली असेल, तर ते काढून जाळी लावा. रात्री गरम हवा तिथूनच बाहेर पडते. आणि दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर पत्रा धुवा. धूळ बसलेला पांढरा पत्रा पुन्हा तापायला लागतो.