चौदाव्या दिवसाची भेट

माझी भाची आता अडीच महिन्यांची झाली. काल व्हिडिओ कॉलवर मस्त हुंकार देत होती, आणि फोन ठेवल्यावर मला परत डिसेंबरातली ती सकाळ आठवली. बरेच दिवस लिहायचं मनात होतं पण होत नव्हतं, आज बसलेच.

वहिनीचं हे दुसरं बाळंतपण, त्यामुळे सासरीच म्हणजे आमच्या गावी, यवतमाळ जिल्ह्यात. दिवस भरायच्या चार आठवडे आधीच कळा सुरू झाल्या, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नॉर्मल डिलिव्हरी झाली, मुलगी १ किलो ९०० ग्रॅमची. तिसऱ्या दिवशी सुट्टी मिळाली, मी पण पुण्याहून रजा टाकून पोचले होते. त्याच संध्याकाळी गावातल्या आशाताई, म्हणजे सरकारी योजनेतल्या आरोग्य स्वयंसेविका, येऊन गेल्या, मग सातव्या दिवशी परत. खरं सांगते, तेव्हा मला वाटलं की फॉर्म भरायला येतात. आल्या की आधी साबणाने हात धुवायच्या, बोटांच्या बेचक्यांतून, नखांपर्यंत, अगदी सावकाश, मग बाळाला झोळीच्या काट्यात ठेवून वजन, काखेत थर्मामीटर, नाळ कोरडी आहे का ते बघायचं, डोळे बघायचे. आंघोळ घालू नका इतक्यात, गुटी नको, मध चाटवू नका, फक्त अंगावरचं दूध. आईला ते काही पटत नव्हतं पण ताईंसमोर हो म्हणायची.

चौदाव्या दिवशी सकाळी भयानक थंडी होती. बाळ आदल्या दुपारपासून झोपूनच होतं, पाजायला घेतलं की दोन-तीनदा ओढायचं आणि परत डोळे मिटायचं. आई म्हणत होती, किती गुणी पोरगी आहे, रडत पण नाही. मीही वहिनीला म्हटलं होतं की झोपू दे ना तिला, कशाला उठवतेस, आणि हे वाक्य मला अजून टोचतं.

ताई आल्या आणि पहिला प्रश्न बाळाला नाही, वहिनीला. "रात्री किती वेळा पाजलं? जोरात ओढते का?" वहिनी गप्पच. ताईंनी पायाचे तळवे हातात धरून बघितले, झबलं वर केलं आणि म्हणाल्या, "आता एक मिनिट कोनीच बोलू नका." आईने जाऊन कुकरखालचा गॅस बंद केला. ताईंची नजर बाळाच्या पोटावर, एका हातात घड्याळ, ओठ हलतायत पण आवाज नाही, आणि आम्ही सगळे श्वास रोखून उभे. सत्तर. परत एकदा मोजले, अडुसष्ट. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास म्हणजे धोका, हे मला त्या दिवशी कळलं, त्या खोलीत ते फक्त ताईंना माहीत होतं. थर्मामीटरवर ३५.४ अंश सेल्सिअस. म्हणजे ताप नव्हता, उलट बाळ गार पडत चाललं होतं, आणि आम्ही सगळे कपाळाला हात लावून ताप नाही म्हणून निश्चिंत!

आई म्हणाली, ऊन पडल्यावर दुपारी नेऊ, एवढ्या गारठ्यात कुठं बाहेर काढता. ताई म्हणाल्या, "नाही काकू, दुपारची वाट नाही पाहाची." स्वतःच १०२ ला फोन लावला, आणि गाडी येईपर्यंत बाळाचे कपडे काढून फक्त टोपी ठेवून वहिनीच्या छातीशी, उघड्या अंगाला लावून धरायला लावलं, वरून शाल. गावातलं उपकेंद्र बंद होतं कारण सिस्टरकडे अजून दोन गावांचा चार्ज आहे आणि त्या दिवशी त्या तिकडे होत्या. सुदैवाने नऊ किलोमीटरवरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर हजर होते, त्यांनी इंजेक्शनचा पहिला डोस तिथेच दिला, चिठ्ठी लिहिली आणि त्याच गाडीने पुढे जिल्ह्याला पाठवलं. नऊ दिवस बाळ काचेच्या पेटीत होतं. जंतुसंसर्ग होता. तिथले डॉक्टर भावाला म्हणाले, वेळेत आणलंत.

घरी आल्यावर पेढे वाटले, मोठ्या दवाखान्याचं सगळ्यांनी कौतुक केलं, आणि ते योग्यच आहे, पण माझ्या डोक्यातून ते एक मिनिट जात नाही. काचेची पेटी, ऑक्सिजन सगळं तिकडे तयार होतंच की, पण पोरीला तिथे न्यायचंय हे ठरलं आमच्या घरातल्या बाजेवर, आणि ठरवलं कोणी तर गावातल्याच एका बाईने.

नंतर मी याबद्दल जे मिळेल ते वाचत सुटले. हे श्वास मोजणं, घरी येऊन बाळ तपासणं, याची मुळं आमच्या विदर्भातच, गडचिरोलीत आहेत. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच बायकांना हे शिकवलं. पहिलं वर्षभर त्यांनी घराघरातली नवजात बाळं नुसती नोंदवली, तर निम्म्याहून जास्त बाळांना उपचाराची गरज होती आणि प्रत्यक्षात तो मिळाला शंभरातल्या जेमतेम तिघांना. बाळंतिणीने बाहेर पडायचं नाही, दवाखाना लांब, आणि एवढंसं बाळ आजारी आहे हे ओळखणार कोण? मग या आरोग्यदूत बायका घरोघर जाऊ लागल्या, वजन, ऊब, स्तनपान, श्वास गुदमरलेल्या बाळाला श्वास देणं, आणि जंतुसंसर्ग दिसला तर घरीच जेंटामायसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन सुद्धा. हजार जन्मांमागे ६२ बाळं पहिल्या महिन्यात जायची, ते तीन वर्षांत २५ च्या आसपास आलं. १९९९ मध्ये हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि २०११ पासून देशभरात आशांच्या कामात या घरभेटी आल्या. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा दिवस, आणि बाळंतपण घरी झालं असेल तर पहिला दिवस पण. म्हणजे आमच्या दारात ताई चौदाव्या दिवशी आल्या त्यामागे इतकं सगळं होतं.

पहिला महिनाच का, तर महाराष्ट्रात २०२० च्या सरकारी आकड्यांनुसार हजारी १६ बाळं पहिल्या वर्षात जातात आणि त्यातली ११ पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच. कमी दिवसांची, कमी वजनाची, जन्मताना गुदमरलेली, जंतुसंसर्ग झालेली. पुढे मग न्यूमोनिया आणि हगवण, आणि त्यावर पण उपाय गावातच असतो, लसी, ओआरएसची पुडी, १४ दिवस झिंकच्या गोळ्या. पण पुडी कपाटात असून काही होत नाही, ती कधी द्यायची, बाळाने पाणी ठेवलं नाही तर किती वेळ थांबायचं, हे सांगणारं माणूस हाकेच्या अंतरावर लागतं.

आणि त्या माणसाला आपण काय देतो? या सगळ्या घरभेटींचे मिळून एका बाळामागे २५० रुपये. ताईंचा थर्मामीटर स्वतःच्या पैशाने घेतलेला आहे, आधीचा बंद पडला तो वर्षभर बदलून मिळाला नाही. मोबदला दोन-दोन महिने रखडतो, वर ऑनलाइन नोंदी, सर्व्हे, कॅम्प. आशांचे संप होतात तेव्हा शहरात आपण बातमी वरवर वाचून पुढे जातो, मीही जायचे. आता राग येतो. कागदावर पाच हजार लोकांमागे एक उपकेंद्र असतं, पण त्याला कुलूप असेल तर काय करायचं त्या आकड्याचं? आणि त्या दिवशी आरोग्य केंद्रात पण डॉक्टर नसते तर? हा विचार मी अर्ध्यावर सोडून देते, पुढे करवत नाही.

बेचाळिसाव्या दिवशी ताई आल्या तेव्हा वजन ३ किलो १०० भरलं. त्याच आठवड्यात दीड महिन्याचे लसींचे डोस झाले, पेंटा, पोलिओ, रोटा, पीसीव्ही. आता तीन महिने झाले की परत येणार आहेत. वहिनी सांगत होती, आई हल्ली रोज सकाळी बाळाचं झबलं वर करते, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मोजते, आणि मधे कोणी बोललं तर पुन्हा एकपासून सुरू करते.