सातांचा आराखडा, अकरा गाड्या

समूहाने ऑफ-रोडिंगला, म्हणजे पक्का रस्ता सोडून गाड्या चालवायला, निघालेल्या लोकांना वाटते, की मार्ग आखणाऱ्याचे काम म्हणजे उत्तम ट्रेल, म्हणजे खडक-चिखलाची कच्ची वाट, शोधणे. गेली काही वर्षे मी हेच काम करतो आणि ट्रेल शोधण्यात माझा फारसा वेळ जात नाही. ट्रेल कोठे आहेत हे बहुतेकांना माहीत असते. खरा वेळ जातो तो एक ट्रेल संपून दुसरी सुरू होईपर्यंतच्या पट्ट्यात. तेथे इंधन कोठे मिळेल, टायरमध्ये हवा कोठे भरायची, रात्री कोठे थांबायचे आणि ठरवलेल्या जागी पोहोचता आले नाही तर काय करायचे, या प्रश्नांची उत्तरे शोधण्यात माझे आठवडे खर्ची पडतात. ज्या दिवसाबद्दल लिहितो आहे, त्या दिवशीची चूक याच पट्ट्यात झाली आणि ती माझी होती.

मूळ आराखडा सात गाड्यांचा होता. पहिली ट्रेल ५८ किलोमीटरची, त्यानंतर ८४ किलोमीटरचा खडीचा जोडरस्ता, त्याच्या टोकाला मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी ४१ किलोमीटरची दुसरी ट्रेल. जोडरस्त्याच्या ८० व्या किलोमीटरला बर्फाच्या पाण्याचा एक ओढा आडवा येत होता. त्यावर पूल नव्हता, गाड्या पाण्यातूनच न्यायच्या होत्या. मुक्कामाची जागा सुमारे ३,१५० मीटर उंचीवर होती. पुढची खिंड ओलांडून पलीकडे उतरलो, तर तेथील सपाट जागा ३,७०० मीटरवर होती. पण ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये हा नियम मी पाळतो आणि आदली रात्र आम्ही खालीच काढली होती. त्यामुळे ओढा ओलांडून ३,१५० मीटरवर थांबणे हाच योग्य टप्पा होता. निघण्यापूर्वी केलेल्या पाहणीत मी त्या ओढ्याकाठी दोन दिवस काढले होते. बर्फ लांब असल्यामुळे दुपारचे वितळलेले पाणी तेथे उशिरा पोहोचते. चार वाजेपर्यंत ओढा गुडघ्याच्या खाली असतो आणि त्यानंतर चढू लागतो, असे दोन्ही दिवशी दिसले होते. आराखड्यानुसार आम्ही तेथे पावणेचारच्या सुमारास पोहोचणार होतो.

निघण्याच्या तीन आठवडे आधी आणखी चार गाड्या सामील झाल्या. मी होकार देताना इंधनाचा आणि पाण्याचा हिशेब नव्याने केला. इंधनाचा हिशेब नेहमी ताफ्यातील सर्वात लहान टाकीच्या गाडीवरून करायचा असतो आणि नव्या गाड्यांपैकी एकीची टाकी जेमतेम ४० लिटरची होती. दोन पंपांमधले अंतर एकूण २६३ किलोमीटर, त्यापैकी ९९ किलोमीटर ट्रेलचे. रस्त्यावर लिटरला दहा किलोमीटर आणि लो रेंजमध्ये (ट्रेलवर वापरायच्या कमी वेगाच्या, जास्त जोराच्या गिअरमध्ये) पाच धरले, तर त्या गाडीला ३६ लिटरांहून अधिक इंधन लागणार होते. हातात चार लिटरसुद्धा उरत नव्हते, म्हणून तिच्यासाठी दहा लिटरचा कॅन सोबत घेतला. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी रोज पाच लिटर पाणी धरून पिंपे वाढवली. एवढे केल्यावर माझे समाधान झाले. वेळापत्रक आणि राखीव मुक्कामाची जागा हे दोन कागद मी पुन्हा उघडलेच नाहीत.

डोंगरात पायी चालणाऱ्यांसाठी विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक सोपा ठोकताळा दिला आहे : दर तीन मैलांना एक तास, आणि दर २,००० फूट चढाईला आणखी एक तास. चालणारी माणसे एकाच वेळी चालतात, म्हणून तो ठोकताळा चालतो. गाड्यांच्या ताफ्याला असा नियम लागू पडत नाही, कारण अवघड जागी गाड्या एकामागून एक जातात आणि बाकीच्या थांबून राहतात. खडकाची एक पायरी चढायला गाडीमागे चार मिनिटे लागत असतील, तर सात गाड्यांना २८ मिनिटे लागतात आणि अकरांना ४४. हे गणित शाळकरी मुलालाही येते. त्या सकाळपर्यंत मला मात्र ते सुचले नव्हते.

पहिल्या ट्रेलवर अशा तीन जागा होत्या. प्रत्येक ठिकाणी सोळा मिनिटे जास्त गेली, म्हणजे पाऊण तासाहून अधिक. तिसऱ्या जागी, चिखलाच्या चढावर, एक गाडी आडवी घसरली आणि तिला विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारे यंत्र) लावून ओढण्यात पंचवीस मिनिटे गेली. हे मला फारसे टोचले नाही, कारण एक-दोन वेळा गाडी अडकणार हे मी नेहमीच धरून चालतो. खरा फटका बसला तो ट्रेल संपल्यावर. ट्रेलवर आम्ही टायरमधली हवा १८ पीएसआयपर्यंत (पीएसआय हे हवेच्या दाबाचे एकक) उतरवली होती. तशाच टायरवर ८४ किलोमीटर खडीचा रस्ता वेगाने कापला, तर टायरच्या बाजूच्या भिंती सतत वाकून तापतात आणि फाटू शकतात, त्यामुळे हवा भरल्याशिवाय पुढे निघता येत नाही. एका गाडीचे चार टायर पुन्हा ३२ पीएसआयला आणायला आमच्या कॉम्प्रेसरना वीस मिनिटे लागत. चार कॉम्प्रेसर आणि सात गाड्या म्हणजे दोन फेऱ्या, चाळीस मिनिटे, तेवढ्यात जेवणही होते. अकरा गाड्यांना तीन फेऱ्या लागल्या असत्या. त्यातच एका कॉम्प्रेसरचा फ्यूज उडाला, आमच्याजवळ त्या मापाचा दुसरा नव्हता आणि तीन कॉम्प्रेसरवर चार फेऱ्या, म्हणजे ऐंशी मिनिटे गेली. दीड वाजता निघायचे होते. निघालो तेव्हा तीन वाजून तेवीस मिनिटे झाली होती.

जोडरस्त्यावर धूळ इतकी होती, की मागच्या गाड्यांना अंतर वाढवत न्यावे लागले. पहिल्या गाडीचा वेग तोच ठेवला, तर शेवटची स्वीप गाडी वॉकी-टॉकीच्या टप्प्याबाहेर जात होती. मी ताशी ३५ किलोमीटर धरले होते. प्रत्यक्षात सरासरी तीसवर आली. हे कळल्यावर मी लीड गाडीतच कागदावर आकडे मांडले आणि आपण ओढ्यावर सहानंतर पोहोचणार हे उमगले.

माझ्या प्रत्येक आराखड्यात मुख्य मुक्कामाच्या अलीकडे एक राखीव जागा असते. ती अशी निवडलेली असते, की तिच्यापुढे परत फिरणे अवघड व्हावे असा कोणताही अडथळा अजून यायचा असतो. येथे ती ७४ व्या किलोमीटरला होती : डोंगराच्या कडेला, रस्त्यापासून थोडी वर, जुन्या रस्त्याचे एक सोडून दिलेले वळण. जमीन घट्ट, डोक्यावर वाळके झाड नाही, दगड घरंगळत येईल असा उतार वर नाही, आणि दरीच्या तळाशी नसल्यामुळे रात्री खाली साठणाऱ्या गार हवेपासूनही बचाव. त्याच्या खालीच नदीच्या कोरड्या पात्रात मोठे सपाट मैदान होते. उपग्रह छायाचित्रात ते फार मोहक दिसते आणि पन्नास गाड्या सहज मावतील एवढे आहे. पण पाहणीच्या वेळी मी तेथील झुडपांच्या फांद्यांत छातीएवढ्या उंचीवर अडकलेला काडीकचरा पाहिला होता. तो तेथे कोणी नेऊन ठेवला, हे सांगायला नको.

सहाला नऊ मिनिटे असताना आम्ही राखीव जागेवर पोहोचलो. ताफा तेथे थांबवला आणि सर्वात अनुभवी सभासदाच्या गाडीतून आम्ही दोघे पुढचे सहा किलोमीटर ओढा पाहायला गेलो. त्यांची गाडी उंच केलेली होती, इंजिनाची हवा छतापासून घेणारा स्नॉर्केलही होता आणि ओढा ओलांडावा असे त्यांचे मत होते. मी कमरेला दोर बांधून, काठी टेकत पाण्यात उतरलो. पाणी गढूळ होते, तळ दिसत नव्हता. मध्यभागी पोहोचण्याआधीच ते मांडीपर्यंत आले. काठीवर मोजले तेव्हा ७० सेंटीमीटर भरले. त्याहून वाईट गोष्ट कानांना कळत होती : पाण्याखाली दगड सरकल्याचा खडखडाट येत होता. प्रवाह दगड हलवू लागला, की सकाळी मोजलेला तळ संध्याकाळी भरवशाचा राहत नाही.

"माझी गाडी जाईल," ते म्हणाले.

"तुमची जाईल, हे मलाही मान्य आहे. पण ४० लिटर टाकीच्या त्या गाडीच्या माहितीपुस्तिकेत पन्नास सेंटीमीटरची मर्यादा दिलेली आहे."

"तिला दोर लावून ओढून घेऊ."

"अंधारात, अकरा गाड्या, गाडीमागे तीन मिनिटे धरली तरी अर्ध्या तासाहून जास्त, आणि पाणी अजून चढते आहे. अर्धा ताफा पलीकडे गेल्यावर ओढा बंद झाला तर तंबू एका काठावर आणि स्वयंपाक दुसऱ्या काठावर राहील."

ते काही बोलले नाहीत, गाडी वळवली. मी पाण्याच्या कडेला एक काठी रोवून तिच्यावर पातळीची खूण करून ठेवली.

परत आल्यावर दुसरा कागद उघडला आणि मला घाम फुटला. राखीव जागा ३८ मीटर लांब आणि १४ मीटर रुंद होती. गाडी आणि तिच्या शेजारी तंबू यांना मिळून पाच मीटर धरून मी ती सात गाड्यांसाठी निवडली होती. ३५ मीटरांत त्या मावत होत्या. अकरा गाड्यांना याच पद्धतीने ५५ मीटर लागले असते. सूर्य डोंगराआड चालला होता, लोक थकलेले होते आणि खाली नदीपात्रातले ते रिकामे मैदान सगळ्यांना दिसत होते. दोन-तीन जणांनी तिकडे बोट दाखवून विचारलेसुद्धा. मी त्यांना फांद्यांतला कचरा दाखवला. पटले असे वाटले नाही. आकाश निरभ्र होते. पाऊस डोंगराच्या वरच्या अंगाला, आपल्याला न दिसता पडू शकतो, एवढेच मी म्हणालो.

शेवटी गाडी आणि तंबू यांची फारकत केली. एक सोडून सगळ्या गाड्या रस्त्याकडे तोंड करून, दारे कशीबशी उघडतील इतक्या जवळ, म्हणजे २.६ मीटर अंतरावर शेजारी शेजारी उभ्या केल्या. दहा गाड्या २६ मीटरांत बसल्या. त्यांच्या मागे साडेनऊ मीटर रुंदीची पट्टी उरली, तिच्यात तंबूंच्या दोन रांगा लागल्या. छतावर तंबू असलेल्या दोन गाड्या दोन टोकांना ठेवल्या, कारण त्यांच्या शिड्यांना बाजूला जागा हवी असते. एखाद्याला रात्री खाली न्यावे लागले तर वाट असावी म्हणून उरलेली एक गाडी रांगेबाहेर, थेट रस्त्याच्या तोंडाशी लावली. स्वयंपाक एकाच ठिकाणी, शेकोटी नाही. शौचाची जागा पाण्याच्या झऱ्यापासून सत्तर पावलांपलीकडे आखून दिली. घोरणाऱ्यांची नावे आधी विचारून त्यांना एका टोकाला न्यावे, ही सूचना स्वयंपाकाच्या भांड्याभोवती आली आणि ती अंमलात आणायला हवी होती, असे मला मध्यरात्री प्रकर्षाने वाटले.

नदीपात्रात त्या रात्री पाणी आले नाही. सकाळी ते मैदान आदल्या दिवसाइतकेच कोरडे होते आणि एक-दोघांनी माझ्याकडे तसे पाहिलेही. तरीही त्या जागेवर मी कधीही मुक्काम टाकणार नाही.

साडेपाचला उठून पावणेसातला आम्ही ओढ्यावर होतो. काठीवरच्या खुणेपासून पाणी दोन वीत खाली उतरले होते, प्रवाह स्वच्छ होता आणि तळाचे गोटे मोजता येत होते. मी पुन्हा चालत पलीकडे जाऊन आलो. सर्वात खोल जागी पाणी पोटरीच्या मध्यापर्यंत आले. एक गाडी पूर्ण पलीकडे गेल्याशिवाय दुसरीने उतरायचे नाही, पहिल्या गिअरमध्ये एका संथ लयीत जायचे, मध्ये गिअर बदलायचा नाही आणि बाहेर पडल्यावर ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून कोरडे करायचे, एवढ्या सूचना दिल्या. आदल्या संध्याकाळचे अनुभवी सभासद आपणहून पाण्याच्या काठाशी उभे राहिले आणि प्रत्येकाला हाताने रेषा दाखवू लागले. लहान टाकीची गाडी सहावी गेली. अकरावी गाडी पलीकडे चढली तेव्हा त्यांनी घड्याळ पाहून मला सांगितले, "चौतीस मिनिटे." मी तेहतीस धरली होती.

चार किलोमीटर पुढे मूळ मुक्कामाची जागा लागली. मी लिहून ठेवले होते तशीच ती होती : प्रशस्त, सपाट, वाऱ्यापासून आडोशाची, वीस गाड्यांना पुरेल एवढी. वॉकी-टॉकीवर मागून कोणीतरी म्हणाले, "जागा छान आहे हो." कोणीच थांबले नाही. दुसऱ्या ट्रेलच्या तोंडाशी टायरमधली हवा पुन्हा उतरवायची होती. कॉम्प्रेसर तीनच असल्यामुळे त्या ट्रेलच्या शेवटी हवा भरायला ऐंशी मिनिटे लागतील, असे मी कागदावर लिहिले आणि त्या हिशेबाने दुपारचे वेळापत्रक तेथेच बदलले.