सल्ला नको, पुस्तक दे

आमच्या तिघींमध्ये एक पद्धत आहे, ती कोणी सुरू केली हे आता कोणालाच नीट आठवत नाही, पण एखादी म्हणाली ना की मला अमुक एक करायचंय, मग ते कितीही अवघड वाटो, बाकीच्या दोघींनी लगेच मत द्यायचं नाही. जमेल का, घरचे काय म्हणतील, या वयात कशाला, यातलं काही नाही. त्या विषयावरचं एक पुस्तक शोधायचं आणि तिच्या हातात द्यायचं. वाचून झालं की मग बोलायचं. आणि शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलने तारीख आणि मनात आलेलं एखादं वाक्य, हे मात्र सक्तीचं.

दोघींची नावं इथे लिहिलेली त्यांना आवडणार नाहीत म्हणून मी त्यांना ठाण्याजवळच्या भागांच्या नावांनी ऐरोली आणि कळवा म्हणते, तशाही त्या एकमेकींना फोनवर असंच म्हणतात, "ऐरोली बोलतेय गं". मी नौपाडा. आता राहते घोडबंदर रोडला, तरी नौपाडाच.

कॉलेजात असताना आमच्यात मिळून एकच कार्ड होतं, ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयाचं. या वाचनालयाबद्दल मला खरंच खूप अभिमान आहे. 1 जून 1893 ला सुरू झालेलं हे ग्रंथालय, आणि ते उभं करणाऱ्यांमध्ये वि. ल. भावे होते, जे तेव्हा जेमतेम एकवीस वर्षांचे होते. पुढे त्यांनी 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिलं, जुन्या मराठी कवींच्या पोथ्या शोधून शोधून छापल्या, आणि पोटासाठी करत होते मिठाचा व्यापार. हे मला कळलं त्या दिवशी मी बराच वेळ तेच डोक्यात घेऊन फिरत होते. दिवसा मीठ आणि उरलेल्या वेळात महानुभावांच्या पोथ्या! आपल्याकडे स्वप्नांबद्दल बोलताना नेहमी एकच गोष्ट सांगतात, अमक्याने नोकरीवर लाथ मारली आणि मग बघा कसा झाला. नोकरी न सोडता, व्यापार सांभाळून, चिकाटीने एखादी गोष्ट आयुष्यभर करत राहिलेल्यांची गोष्ट कोणी सांगत नाही, आणि माझ्या आजूबाजूला हप्ते भरणारी, सासू-सासऱ्यांचं बघणारी जेवढी माणसं आहेत त्यांना तीच गोष्ट उपयोगाची आहे.

मग लग्नं, मुलं, बदल्या, सगळ्यांचं होतं तसंच. पुस्तकं थांबली नाहीत पण विरळ झाली. पुन्हा जोर आला तो 2004 मध्ये ठाणे-वाशी ट्रेन सुरू झाली त्यानंतर. माझं ऑफिस वाशीला, ऐरोलीचं तुर्भ्याला एमआयडीसीत, अकाउंट्समध्ये. संध्याकाळी ती तुर्भ्याला लेडीज डब्यात चढायची, मी आधीच बसलेली असायचे, आणि कोपरखैरणे, घणसोली, रबाळे करत तिचं स्टेशन येईपर्यंत जेवढं बोलता येईल तेवढं बोलायचं आणि पिशवी बदलायची. तिची पिशवी मला, माझी तिला. कधी कधी गर्दीत बोलणं व्हायचंच नाही, नुसती पिशवी इकडून तिकडे डोक्यांवरून पास व्हायची, आणि मधल्या बायकासुद्धा ओळखायला लागल्या होत्या, "घ्या, तुमचं पुस्तक."

ऐरोलीला पक्ष्यांचं वेड लहानपणापासून. खाडीच्या काठावर वाढलेली मुलगी, विटाव्याच्या बाजूला, शाळेत असल्यापासून बगळे मोजायची. घरची परिस्थिती अशी की कॉमर्स करून लगेच नोकरी, त्यात निवडीचा प्रश्नच नव्हता. तिला मी पहिलं पुस्तक दिलं ते सालिम अलींचं भारतीय पक्ष्यांवरचं, 1941 साली पहिल्यांदा आलेलं आणि अजून चालू असलेलं, सेकंडहँड मिळालं होतं, कव्हर फाटकं होतं. मग बऱ्याच वर्षांनी मारुती चितमपल्ली. या माणसाने वनखात्यात छत्तीस वर्षं नोकरी केली आणि ती करता करताच जंगलातल्या नोंदी लिहून ठेवल्या, आदिवासींकडून पक्ष्यांची, झाडांची नावं गोळा केली, आणि पुढे त्यातूनच सगळी पुस्तकं आली, 'पक्षिकोश' तर निवृत्तीनंतर. ऐरोलीने ते वाचून शेवटच्या पानावर एवढंच लिहिलं होतं, "वही उद्यापासून." आणि खरंच दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही घेतली. आता त्या वह्यांनी कपाटाचा अख्खा खालचा कप्पा भरलाय.

तिच्याबरोबर एकदा तरी ओहोटीला खाडीवर जायला हवं. आपण ऐरोलीच्या पुलावरून गाडीने जाताना नाक दाबतो, आणि तीच जागा म्हणजे 2015 मध्ये जाहीर झालेलं ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य, जवळजवळ सतरा चौरस किलोमीटर, त्यातला निम्म्याहून जास्त भाग तिवरांचं जंगल आणि बाकीचा पाण्याचा, आणि 2022 पासून रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतही आहे. पाणी उतरलं की चिखल उघडा पडतो आणि सगळे जेवायला येतात. लांब लाल पायांचे शेकाटे, वर वळलेल्या चोचीचे उचाट्या, तुतवार तर इतके की चिखलच हलतोय असं वाटतं. आणि रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. छोटे रोहित जास्त, मोठे कमी. त्यांचा गुलाबी रंग खाण्यातून येतो, पाण्यातल्या सूक्ष्म शेवाळातून, पिल्लू जन्मतं तेव्हा राखाडी असतं आणि गुलाबी व्हायला त्याला दोन-तीन वर्षं लागतात. त्यामुळे थव्यात जे मळकट दिसतात ती अजून लहान आहेत, आजारी नाहीत, हे ऐरोली प्रत्येक नवीन माणसाला सांगते, अगदी मनापासून, जणू स्वतःच्या पोरांची बाजू मांडतेय.

पन्नाशी ओलांडल्यावर तिने पक्षीशास्त्राचा एक सर्टिफिकेट कोर्स केला. नोकरी चालूच. शनिवार-रविवारी फील्ड, आठवडाभर ताळेबंद. मी तिला विचारलं होतं की रिटायरमेंटला काही वर्षंच राहिलीत, तेव्हा आरामात केला असतास. त्यावर ती जे म्हणाली ते मी विसरूच शकत नाही. वय वाढलं की कान आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज सोडून देतात, हे सगळ्यांचंच होतं, डॉक्टरही सांगतील. आणि झुडपातले छोटे पक्षी, वटवट्या वगैरे, दिसत नाहीत, ओळखायचे असतात ते आवाजावरून. "साठीनंतर मला वेळ असेल गं, पण ते बारीक आवाज ऐकू येतील का?" म्हणजे आपण धरून चालतो की स्वप्न आहे तिथेच थांबणार आणि आपण सवडीने जाऊन गाठायचं. पण ज्या कानांनी, ज्या गुडघ्यांनी, ज्या गळ्याने ते करायचंय ते थांबत नाहीत ना.

गळ्यावरून कळवा. हिच्याबद्दल लिहायला मला जरा जड जातंय. ती गायची. नुसतं गाणं म्हणायची असं नाही, नीट शिकलेली, मध्यमापर्यंत परीक्षा दिलेली, कॉलेजच्या गॅदरिंगला तिचा यमन ऐकून मागच्या बाकावरची मुलंही गप्प बसायची. लग्नानंतर घर लहान, माणसं जास्त, पहाटे तंबोरा लावणार कुठे. सुटलं ते सुटलंच. आणि आम्ही विचारलं की ती म्हणते, मुलाचं शिक्षण होऊ दे, मग त्याची नोकरी होऊ दे, आता म्हणते लग्न होऊ दे.

मागच्या वर्षी ठाण्यातल्या तलावपाळीला कट्ट्यावर बसून आमच्या तिघींचा यावरून चांगलाच वाद झाला, आणि तो झाला प्रकाश नारायण संतांवरून. त्यांच्या लंपन या लहान मुलाच्या गोष्टी तिघींनाही जीव की प्राण. तर संतांनी त्यातल्या सुरुवातीच्या कथा लिहिल्या साठच्या दशकात, आणि त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं काही नाही. कराडला भूगर्भशास्त्र शिकवत होते. मग 1994 ला 'वनवास' आलं, पाठोपाठ बाकीची तीन, आणि 2003 मध्ये ते गेले. कळवा म्हणाली, बघा, तीस वर्षांनंतरही ते सगळं आत तसंच ताजं होतं, लंपन एक दिवसही मोठा झाला नव्हता, म्हणजे खरं असेल ते कुठे जात नाही, वाट बघतं. ऐरोली एकदम चिडली. म्हणाली, आणि चारच पुस्तकं आपल्या हातात आली हे नाही दिसत तुला? त्या तीस वर्षांतला लंपन आपल्याला मिळालाच नाही, तो कुठून आणणार? दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

मला दोन्ही पटत होतं आणि अजूनही पटतं. कोणाच्या तीस वर्षांना वाया गेलेली म्हणायचा अधिकार मला नाही, त्या वर्षांत माणूस शिकवत होता, जगत होता, आणि ते जगणं नंतरच्या लिखाणात कुठेतरी उतरलंच असणार. पण कौल द्यायचाच तर मी ऐरोलीच्या बाजूची. कारण संतांचं परत आलं हे आपल्याला माहीत आहे, ज्यांचं परत आलं नाही त्यांची नावं आपल्याला माहीतच नाहीत. कळव्याला हे मी तेव्हा तिथेच सांगितलं. ती काही बोलली नाही, भेळ मात्र तिघींची तिनेच आणली.

माझं स्वतःचं म्हणाल तर मोडी लिपी. आजोबांची एक पेटी आहे पेणहून आलेली, त्यात कागदच कागद, आणि घरात एकालाही त्यातलं अक्षर वाचता येत नव्हतं. मला ते लहानपणापासून सलायचं, आपल्याच माणसाने आपल्याच भाषेत लिहिलेलं आणि आपण त्यापुढे निरक्षर. मी हे बोलून दाखवल्यावर कळव्याने मला दिलं लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. मी म्हटलं अगं मोडीचा आणि याचा काय संबंध, तर म्हणाली, तू वाच. लक्ष्मीबाईंना अक्षरओळख झाली लग्नानंतर. त्याच बाईंनी पुढे टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' पूर्ण केलं आणि 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग 1934 ला आला तेव्हा त्या साठी ओलांडून गेल्या होत्या. इतकं सरळ, इतकं स्वच्छ मराठी मी दुसरं वाचलेलं नाही. कळव्याला संबंध बरोब्बर माहीत होता. दुसऱ्याला काय द्यायचं हे तिला आमच्या दोघींपेक्षा जास्त कळतं.

मग ऐरोलीने मोडी शिकायचं पुस्तक दिलं, आणि मी रात्री जेवणं आटपली की डायनिंग टेबलवरच बसायला लागले. मोडीत आधी पानभर आडवी रेघ मारतात आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जातात, हात शक्यतो न उचलता, शब्दांमध्ये जागा नाही, र्‍हस्व-दीर्घाचा भेद नाही, त्यामुळे नुसती अक्षरं येऊन भागत नाही, वाक्य कुठे तुटतं हे अंदाजाने धरावं लागतं. एका पानाला अख्खी संध्याकाळ जाते. पेटीतला मला लागलेला पहिला शब्द होता 'भात', आणि त्याच्या पुढे मण. हिशेबाचा साधा कागद होता तो, खतपत्र नाही की सनद नाही. मी तो नवऱ्याला वाचून दाखवला, मुलीला व्हिडिओ कॉल करून दाखवला आणि मग दोघींना फोटो पाठवला. पुण्याला पेशवे दफ्तरात असे कोट्यवधी कागद पडून आहेत आणि वाचणारे हात कमी, तिथे जाऊन बसायचं हे माझं पुढचं ठरलेलं आहे, रजा साठवतेय.

राहिली कळवा. तिच्यासाठी कुठलं पुस्तक शोधायचं हे आम्हा दोघींना सुचत नव्हतं. गाण्यावरची पुस्तकं तिच्याकडे आमच्यापेक्षा जास्त. शेवटी माळा आवरताना मला तिचीच वही सापडली, बंदिशींची, लग्नाच्या आधी तिने माझ्याकडे ठेवायला दिलेली, तिच्या त्या गोल अक्षरात, मात्रा लाल शाईने. मी ती पिशवीत घातली आणि आम्ही दोघी तिच्या घरी गेलो. तिने उभ्याउभ्याच पानं उलटली, एका ठिकाणी थांबली, ओठ हलले, आवाज नाही आला.

"काळी चारात गायचे मी," म्हणाली, म्हणजे हार्मोनियमच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून. "आता लागायचा नाही तो सूर."

ऐरोली म्हणाली, "मग पांढरी चारात गा की. खाली उतर. कोणी सांगितलंय तिथूनच सुरू कर म्हणून?"

कळवा हसली आणि चहा टाकायला आत गेली. तेवढ्यात मी तिच्या फोनमध्ये तंबोऱ्याचं अ‍ॅप टाकून ठेवलं, पांढरी चारावर लावून. परवा तिचा मेसेज आला, मुलगा ऑफिसला गेला की अर्धा तास बसते, फक्त सा लावते अजून. दिवाळीनंतर रोहित आले की आम्ही तिघी खाडीवर जाणार आहोत, तेव्हा वहीतलं काहीतरी ऐकवीन म्हणालीये, अस्ताई, म्हणजे बंदिशीचा पहिला भाग, तरी नक्की.